कठडा नसलेले घर

अनुवादाच्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात, आठव्या वचनात, घर बांधणाऱ्याला एक लहानशी आज्ञा दिलेली आहे. नवे घर बांधले की त्याच्या धाब्याला कठडा करावा. तो नसल्यामुळे कोणी खाली पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. पाखरांच्या घरट्याविषयीची आज्ञा आणि द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी पेरू नये ही आज्ञा यांच्यामध्ये ती इतक्या सहजपणे येऊन जाते की, वाचणारा क्षणभरही न थांबता पुढे सरकतो. आपल्या घरांना कठडे आहेतच, मग हे वचन आपल्याला काय सांगणार, असे आपल्याला वाटते.

परंतु कठडा नसलेली जागा प्रत्येक युगात निराळी असते. आपल्या काळात ती पुष्कळदा धाब्यावर नसून भिंतीच्या आत असते. आवरण झिजलेली तार, ढिला झालेला सांधा, अर्थिंग नसलेला प्लग, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली जाड तार, हे सारे आपल्या घरांतील उघडे धाबेच होय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंविषयीच्या अहवालांनुसार, अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. ही सगळीच मरणे घरांत झालेली नाहीत. शेतात, रस्त्यावर, कामाच्या ठिकाणीही ती होतात. तरीही प्रश्न आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. ज्याच्या घरातील वायरिंग सदोष आहे आणि ते ज्याला ठाऊक आहे, तो अपघात होण्यापूर्वीच दोषी ठरतो काय? की दोष हा अपघातानंतरच जन्माला येतो?

व्यासपीठावरून विजेचे नाव निघते ते बहुधा दृष्टान्तासाठी. तार म्हणजे विश्वास, प्रवाह म्हणजे पवित्र आत्मा, बटण म्हणजे प्रार्थना, असे आपण अनेकदा ऐकले आहे. या लेखात तार म्हणजे तारच. ती कोणाचेही रूपक नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

मूळ शब्द काय सांगतात

त्या वचनात कठड्यासाठी 'मअके' असा इब्री शब्द आहे. संपूर्ण इब्री पवित्र शास्त्रात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. भाषांतरकाराला असे शब्द सावधगिरीने हाताळावे लागतात, कारण पडताळून पाहायला दुसरे वचन नसते. सुदैवाने येथे संदर्भच अर्थ सांगतो. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत आणि त्यांवर माणसांचा सतत वावर असे. राहाबेने धाब्यावर जवसाची ताटे पसरून ठेवली होती, शमुवेल शौलाशी धाब्यावर बोलला, आणि यापो येथे पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला. धाबे ही अडगळीची नव्हे, तर रोजच्या वापराची जागा होती. म्हणूनच ती सुरक्षित असणे अगत्याचे होते.

दुसरा लक्षणीय शब्द 'दामीम'. रक्त या शब्दाचे हे अनेकवचन असून ते सांडलेल्या रक्तासाठी योजले जाते. हाबेलाच्या रक्ताचा उल्लेख उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात याच शब्दाच्या रूपाने येतो. म्हणजे कठडा न करणाऱ्याचे कृत्य आणि काइनाचे कृत्य यांना शास्त्र सारखे लेखत नसले, तरी सांडलेल्या रक्तासाठी दोन्हीकडे शब्द एकच आहे. एकाने हात उगारला, दुसऱ्याने हात हलवलाच नाही; रक्त मात्र तेच.

तिसरा शब्द 'बायित'. त्याचा अर्थ घर असाही होतो आणि घराणे असाही. आपल्या मराठीत 'घर' हा शब्द हे दोन्ही अर्थ पेलतो, हे भाषांतरकाराचे भाग्य. दोष घरावर येतो म्हणजे केवळ विटामातीवर येत नाही. त्या छपराखाली राहून ती उणीव चालवून घेणाऱ्या सर्वांवर येतो.

या वचनाचा अर्थ धाब्यापुरता नाही, हे यहूदी गुरूंनी फार पूर्वीच ओळखले होते. याच वचनाच्या आधारे रब्बी नाथान यांनी शिकवले की, घरात चावरा कुत्रा पाळू नये आणि मोडकळीस आलेली शिडी ठेवू नये. तालमूदमध्ये त्यांचे हे मत नोंदवलेले आहे. ज्या न्यायाने शिडी या आज्ञेखाली येते, त्याच न्यायाने तारही येते.

तारेचा स्वभाव

नीतीचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी, कारण या बाबतीत अज्ञानच बऱ्याच चुकीच्या निश्चिंतीचे मूळ असते.

आपल्या घरांत वीज २३० व्होल्ट दाबाने येते. ओल्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. यांतील १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही काळ टिकला, तर हृदयाची लय बिघडून प्राण जाण्याचा धोका असतो. आता घरातील फ्यूज पाहा. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा. माणूस मरतो तेव्हा तो वितळत नाही. जुन्या फ्यूजच्या जागी आलेला एमसीबीही या बाबतीत वेगळा नाही. ही साधने तारेला जळण्यापासून वाचवतात. माणसाला वाचवण्यासाठी ती घडवलेलीच नाहीत.

माणसासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधील जाड आणि लांब पिन सर्वांत आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. धातूच्या खोक्यात वीज उतरली तर ती जमिनीकडे नेण्याचे काम तिचे. दुसरी आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की हे यंत्र निमिषार्धात पुरवठा तोडते. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी हाती आल्या तर मात्र तेही असमर्थ ठरू शकते. म्हणून ते बसवले की सारे झाले, असे नाही. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते काम करते की नाही, हे पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट. ढिला सांधा तापतो, काळवंडतो, शेवटी पेट घेतो. पण त्यातून जाणारा प्रवाह वाढलेला नसल्यामुळे फ्यूज गप्प राहतो. बोर्डाला हात लावल्यावर लागणारी ऊब, जळक्या प्लास्टिकचा वास, दिव्याचे मिणमिणणे, नळाला किंवा गीझरला हात लावताच जाणवणारी झिणझिण, ही त्या सांध्याची आणि त्या तारेची भाषा आहे. ती ऐकणारा कोणी हवा.

ठाऊक असणे म्हणजे काय

निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहेत. बैलाने कोणाला हुंदडून मारले तर बैलाला दगडमार करावा, पण धनी निर्दोष. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर धनीही मरणदंडास पात्र ठरतो. बैल तोच, मृत्यू तोच. फरक फक्त धन्याला असलेल्या माहितीचा. त्याच अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्याचाही नियम आहे. त्यात पडलेल्या जनावराची भरपाई त्याने करावयाची असते.

या नियमांसमोर आपल्या घरातील एक नेहमीचे वाक्य ठेवून पाहू या. "त्या मशीनला जरा शॉक येतो हं, चप्पल घालून हात लावा." घरात आलेल्या पाहुण्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईंना, सुट्टीला आलेल्या भाचरांना आपण हे सांगतो आणि आपण काळजी घेतली असे मानतो. वस्तुतः या वाक्याने आपण केवळ एवढेच सिद्ध करतो की, बैल मारका आहे हे आपल्याला ठाऊक होते. सावध करणे म्हणजे बांधणे नव्हे. ज्या दिवशी त्या बाईंच्या जागी त्यांची मुलगी कामाला येईल आणि ओल्या हाताने, अनवाणी, त्या मशीनला हात लावील, त्या दिवशी आपली सूचना कोणाच्या कानी असणार?

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. दोन शेजाऱ्यांच्या घरांत सारखीच सदोष तार आहे. दोघांनाही ती ठाऊक आहे, दोघांनीही ती तशीच ठेवली आहे. एकाच्या घरी कोणी मरतो, दुसऱ्याच्या घरी काहीच घडत नाही. दोघे सारखेच दोषी काय? आधुनिक तत्त्वज्ञानात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली या कोड्याची चर्चा केली. नैतिकतेत योगायोगाचा वाटा किती, असा तो प्रश्न. न्यायालय दोघांना सारखे मानू शकत नाही, कारण ते घडलेल्या घटनेचा न्याय करते. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र दोन्ही दृष्टी आहेत. निर्गममधील बैलाचा नियम घटनेनंतर बोलतो. अनुवादातील कठड्याची आज्ञा घटनेआधी, घर बांधून होताच, बोलते. कोणी पडो अथवा न पडो, कठडा न करणाऱ्याने आज्ञा मोडलेलीच आहे. ज्याच्या घरी काही घडले नाही, त्याच्यावर दया झाली इतकेच. त्याचे न करणे त्यामुळे योग्य ठरत नाही. दोघांतील भेद त्यांच्या पदरी पडलेल्या दुःखात आहे, देवापुढील त्यांच्या कर्तव्यात नाही.

"वेळ आली होती"

अपघातानंतर आपल्याकडे जे शब्द सर्वप्रथम उच्चारले जातात, ते हे. दुःखितांच्या सांत्वनासाठी कोणी ते बोलले तर त्याला दोष देऊ नये. परंतु घरधनीच जर ते बोलू लागला तर काय म्हणावे? कठड्याच्या वचनात पडणाऱ्याला 'पडणारा' असेच म्हटले आहे, जणू त्याचे पडणे ठरलेलेच होते. रब्बी इश्माएल यांच्या परंपरेतील गुरूंनी हा बारकावा हेरला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, त्या माणसाचे पडणे कदाचित जगाच्या आरंभापासून नेमलेले असेलही. तरीसुद्धा ते तुझ्या हातून, तुझ्या घरावरून का घडावे? विधिलिखिताची ढाल पुढे करणाऱ्याला याहून नेमके उत्तर क्वचितच मिळेल.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हा समज प्रभू येशूने खोडून काढला. मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट त्याने बंद केली. सदोष वायरिंगने मेलेल्या माणसाविषयीही "त्याने नीट पाहायला हवे होते" असे आपण म्हणतो, तेव्हा ही बंद केलेली वाट आपण पुन्हा उघडत असतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे "देव राखील" हा भरवसा. भरवसा खराच आहे, पण तो कशाच्या जागी ठेवला आहे हे पाहिले पाहिजे. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हा सल्ला प्रभूला सैतानाने दिला होता, आणि प्रभूने तो देवाची परीक्षा पाहणे म्हणून नाकारला. १५२७ साली विटेनबर्ग येथे प्लेग पसरला असता मार्टिन ल्यूथर यांनी ब्रेस्लाव येथील पाळक योहान हेस यांना एक विस्तृत पत्र लिहिले. स्वतः ल्यूथर आजाऱ्यांच्या सेवेसाठी शहरातच राहिले होते. तरीही औषध आणि खबरदारी झिडकारणारे लोक देवावर विश्वास ठेवत नसून त्याची परीक्षा पाहतात, आणि ज्याच्या हयगयीमुळे शेजाऱ्याला मरण येते तो देवापुढे त्या मरणाबद्दल जबाबदार ठरतो, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. धैर्य आणि हयगय या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे धैर्य; स्वतःच्या आळसासाठी शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालणे ही हयगय. दोहोंना विश्वास हे एकच नाव देता येत नाही.

रोगट घराची तपासणी

मग करावे काय? लेवीयच्या १४ व्या अध्यायात रोगाचा चट्टा पडलेल्या घराविषयी एक तपशीलवार विधी आहे. आजच्या वाचकाला तो दूरचा वाटतो. परंतु त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे.

आरंभ घरधन्यापासून होतो. त्याने स्वतः याजकाकडे जाऊन आपल्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते, असे सांगावयाचे. 'चट्टाच आहे' असे त्याने म्हणावयाचे नाही. मिश्नामध्ये तर म्हटले आहे की, घरधनी विद्वान असला आणि त्याची खात्री असली तरी निर्णय जाणत्याचाच. आपल्याकडे याच्या उलट चालते. दोष दिसला की आपण स्वतःच टेस्टर आणि चिकटपट्टी घेऊन सरसावतो, किंवा कोपऱ्यावरच्या कोणाही मुलाला बोलावतो. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे असा आपल्या देशात नियम आहे. तो कागदी सोपस्कार नव्हे. अर्थिंग नाही म्हणून प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे कारागीर आढळतात. दिवा लागतो, यंत्र चालते, सारे ठीक दिसते. पुढे कुठे न्यूट्रल तुटली की यंत्राचे सारे धातूचे अंग जिवंत होते.

त्यानंतर घर रिकामे केले जाते व सात दिवस बंद ठेवले जाते. तपासणी पुरी होईपर्यंत वापर नाही. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे: ज्या बोर्डाविषयी शंका आहे त्याचा पुरवठा मेनपासून बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या खोलीची गैरसोय सोसावी. याला पैसा लागत नाही. म्हणून "सध्या ऐपत नाही" ही सबब दुरुस्तीच्या बाबतीत खरी असली, तरी वापराच्या बाबतीत खरी नसते.

मग बिघडलेले चिरे काढतात, भिंत खरवडतात, नवे चिरे बसवतात. आणि चट्टा पुन्हा उमटला तर घरच पाडतात. म्हणजे आरंभी दोषापुरती दुरुस्ती, आणि दोष परत आला तर समूळ बदल. पुन्हा पुन्हा पट्टी गुंडाळत राहणे या क्रमात कोठेच नाही.

या विधीतील एक गोष्ट मनाला विशेष भिडते. काढलेले चिरे नगराबाहेर अशुद्ध जागी टाकावयाचे असत, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या भिंतीत जात नसत. आपण काय करतो? शॉक देणारी इस्त्री, वायर उसवलेला टेबलपंखा, अंगात वीज उतरणारी शेगडी कामवाल्या बाईंना देऊन टाकतो, आणि देताना आपल्या औदार्याने सुखावतो. जे आपल्या मुलाच्या हाती देण्यास आपण भितो, ते त्यांच्या मुलाच्या हाती जाते. त्यांच्या खोलीत अर्थिंग नसण्याचीच शक्यता अधिक. हे दान नव्हे. आपला चट्टा पडलेला चिरा आपण गरिबाच्या भिंतीत बसवला आहे.

घर कोणाचे?

भाड्याच्या घरात राहणारा म्हणतो, घर मालकाचे आहे. मालक म्हणतो, राहतो तो भाडेकरू. या वादावर तालमूदमधील एक जुना निर्णय असा आहे की, कठडा करण्याचे काम भाडेकरूचे. आपल्या कायद्यात आणि करारांत वाटणी निराळी असू शकते, आणि दोष ठाऊक असून भाडे घेत राहणारा मालक मारक्या बैलाच्या धन्याहून वेगळा नाही. तथापि त्या निर्णयामागील जाण मोलाची आहे. धोका जेथे रोज दिसतो तेथे राहणाऱ्याचे पहिले पाऊल त्याचे स्वतःचे. त्याने मालकाला लेखी कळवावे, दाद मागावी, आणि तोवर बटण बंद ठेवावे.

सर्वांत बिकट स्थिती सामाईक मिळकतीची. आपल्या मंडळ्यांकडे जुने बंगले, वसतिगृहे, शाळा आहेत. त्यांतील काही वायरिंग लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या काळातील आहे. त्यावर आज गीझर, पंप, ध्वनिक्षेपक आणि नाताळात शेकडो दिव्यांच्या माळा यांचा भार पडतो. विषय समितीपुढे येतो, अंदाजपत्रक मागवले जाते, पुढील सभेवर ढकलले जाते. आवाराच्या कडेला पहारेकऱ्याच्या खोलीत मात्र बंगल्यातून ओढलेल्या एका उघड्या तारेवर दिवा जळत असतो. बारा जणांनी मिळून केलेल्या हयगयीत प्रत्येकाच्या वाट्याला बारावा हिस्सा दोष येतो, असे शास्त्रात कोठे नाही. रंगरंगोटीच्या आधी वायरिंग, आणि वेदीवरील रोषणाईच्या आधी पहारेकऱ्याची खोली, असा क्रम एखाद्या समितीने ठरवला तर ती उपासनेचीच तयारी ठरेल. ज्या कुटुंबांना दुरुस्ती परवडत नाही, त्यांच्यासाठी मंडळीच्या मदतनिधीतून अर्थिंग आणि आरसीसीबी यांची सोय करणे हेही एकमेकांची ओझी वाहणेच आहे.

कठडा किती उंच

एखादा वाचक म्हणेल, अशाने माणूस भयातच जगेल. धोका कोठे नाही? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचेही उत्तर त्या आज्ञेतच आहे. यहूदी परंपरेने कठड्याची उंची ठरवली ती दहा तळहातांच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे तीन फूट. आभाळापर्यंत भिंत बांधा, असे कोणी म्हटले नाही. धाब्यावर जाऊच नका, असेही म्हटले नाही. तीन फूट कठडा करावा आणि मग चांदण्यात निवांत झोपावे. देव अमर्याद काळजी मागत नाही. मोजता येईल, पुरी करता येईल अशी काळजी मागतो. जाणत्याकडून एकदा तपासणी, खरी अर्थिंग, चालू असलेली आरसीसीबी, योग्य जाडीची तार, आणि दोष दिसताच बंद केलेले बटण. आपल्या घराचा कठडा एवढाच आहे. तो केल्यावरही अपघात घडलाच, तर ते दुःख असेल, दोष नसेल. चिंता आणि कर्तव्य यांतील भेद हाच आहे की, कर्तव्य संपते.

शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, हे आपण मोठ्या गोष्टींत शोधतो. आज संध्याकाळी ज्या बोर्डावरून हात फिरवताना ऊब लागते, त्या बोर्डापाशी ती आपली वाट पाहत असण्याचा संभव आहे. मेन बंद करावा, आणि सकाळी वायरमनला बोलवावे.